गाडी शोरूमच्या वर्कशॉपमध्ये अडकली तर? पिवळ्या पाटीवाल्यांसह सर्वांसाठी

गेल्या पावसाळ्यात कृष्णाकाठच्या एका गावातून फोन आला. पलूस तालुक्यातलाच मुलगा. महात्मा फुले महामंडळाचे बीजभांडवल आणि वर बँकेचे कर्ज काढून त्याने सात सीटची गाडी घेतली आहे. स्वतः चालवतो. लग्नाची भाडी, पुण्या-मुंबईची विमानतळाची भाडी, अधूनमधून दीक्षाभूमी आणि चैत्यभूमीच्या फेऱ्या. गाडी अजून वॉरंटीत होती. चढाला ताकद सोडते म्हणून त्याने ती शोरूमच्या वर्कशॉपमध्ये लावली, आणि तेवीस दिवस झाले तरी ती बाहेर आली नव्हती. पहिल्या आठवड्यात "पार्ट मागवलाय", दुसऱ्यात "कंपनीकडून अप्रूव्हल यायचंय", तिसऱ्यात फोनच उचलणे बंद. बँकेचा हप्ता मात्र तारखेला खात्यातून गेला.

त्याचा प्रश्न गाडीचा नव्हता. तो म्हणाला, "दादा, तिथला माणूस म्हणतोय, तुझी पिवळी पाटी आहे, तू धंदेवाला, तुला ग्राहक आयोगात जाताच येत नाही. खरं आहे का?"

खरे नाही. पण हे उत्तर आपल्या बहुतेक पोरांना माहीत नसते, आणि काउंटरमागच्या माणसाला ते माहीत नसल्याचे माहीत असते. म्हणून हा लेख.

आधी वर्कशॉप कसे चालते ते पाहू. काउंटरवर टाय लावून बसलेला, आपल्याशी गोड बोलणारा माणूस म्हणजे सर्व्हिस ॲडव्हायझर. गाडीखाली झोपून काम करणारा मेकॅनिक वेगळा, आणि दोघांची गाठ ग्राहकासमोर क्वचितच पडते. ॲडव्हायझरला महिन्याचे टार्गेट असते. किती गाड्या आल्या एवढेच त्यात मोजत नाहीत, प्रत्येक गाडीमागे किती रुपयांचे बिल झाले तेही मोजतात. इंजिन ऑइल, फिल्टर ही कंपनीच्या वेळापत्रकातली कामे झाली. त्यांच्यावर चढवले जाते ते बाकीचे : एसीचे निर्जंतुकीकरण, इंजिनचे डिकार्बनायझिंग, अंडरबॉडी कोटिंग, रबिंग-पॉलिशिंग, इंजेक्टर क्लीनर. यातले काही एखाद्या गाडीला खरोखर लागतेही. पण ते लागते की नाही हे ठरवणाऱ्या माणसाचा इन्सेंटिव्ह तेच विकण्यावर अवलंबून असेल, तर त्याच्या सल्ल्याला आपण सल्ला म्हणू नये.

'फ्री सर्व्हिस' या शब्दानेही अनेकजण फसतात. त्यात मोफत असते ती मजुरी. ऑइल, फिल्टर, कूलंट, झिजणारे सुटे भाग यांचे पैसे द्यावेच लागतात. मजुरीही प्रत्यक्ष किती वेळ लागला यावर नसते, कामागणिक ठरलेल्या दराने लागते. काम दहा मिनिटांत झाले तरी बिलात दर पूर्ण.

वॉरंटीच्या कामाचे गणित उलटे आहे. तिथे पैसे ग्राहक देत नाही, कंपनी डीलरला देते, तेही ठरलेल्या दराने, जुना पार्ट आणि कागद तपासून. म्हणजे पैसे देऊन काम करणारा ग्राहक वर्कशॉपला लगेच फायद्याचा, आणि वॉरंटीतला ग्राहक कागदपत्रांचा आणि वाट पाहण्याचा. "गाडीत काही दोष सापडला नाही, या मॉडेलला एवढा आवाज असतोच" हे वाक्य वॉरंटीतल्या गाड्यांच्या वाट्याला जास्त का येते, याचे एक कारण इथे आहे.

माझाही अनुभव सांगतो. जुनी हॅचबॅक आहे. वार्षिक सर्व्हिसिंगला टाकली आणि दुपारी फोन आला, "सर, ब्रेक पॅड पूर्ण संपलेत, घाटात जायचं म्हणजे रिस्क आहे, बदलू का?" जिवाची भीती घातली की माणूस हो म्हणतो. मीही म्हणालो. संध्याकाळी बिल भरले, गाडी आणली. पंधरा दिवसांनी पंक्चर काढताना गावातल्या मेकॅनिकने चाक उघडले आणि म्हणाला, पॅड जुनेच आहेत, फक्त घासून साफ केलेत. माझ्याकडे काय पुरावा होता? काहीच नाही. जुने पॅड मी मागितले नव्हते, "बदलू का" हा फोन तोंडी होता, आणि पंधरा दिवसांनी दुसऱ्या मेकॅनिकने काय पाहिले याला वर्कशॉप किंमत देत नाही. तक्रार केली तर "सर, मध्ये कुणी उघडलं असेल" असे उत्तर मिळाले. ते पैसे गेले ते गेलेच.

ज्या माणसाने ते चाक उघडले असेल तो बहुधा आपल्याच वयाचा, आयटीआय करून लागलेला, ठेकेदाराच्या पगारावरचा पोरगा असेल. आपल्या वस्तीतली कितीतरी मुले अशा वर्कशॉपमध्ये आहेत. न बदललेल्या पार्टचे बिल तो बनवत नाही, पण भांडण झाले की पहिला बळी त्याचा जातो. म्हणून काउंटरवर आवाज चढवताना तो कुणावर चढतोय एवढे भान ठेवावे.

महाचत्तारीसक सुत्तात मिथ्या आजीविका कशाला म्हणावे याची छोटी यादी आहे. कुहना म्हणजे ढोंग, लपना म्हणजे गोड गोड बोलून काढणे, नेमित्तिकता म्हणजे सूचक इशारे करून मिळवणे, आणि एका लाभावर दुसरा लाभ उकळण्याची हाव. तो उपदेश मुळात भिक्खूंना उद्देशून आहे. पण "सर, घाटात जायचं म्हणजे रिस्क आहे" हे नेमित्तिकतेचे याहून चांगले उदाहरण मला तरी अजून सापडलेले नाही.

पिवळ्या पाटीचा प्रश्न

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्याने १९८६ चा जुना कायदा मोडीत काढला. 'ग्राहक' कोण याची व्याख्या कलम २(७) मध्ये आहे. व्यापारी हेतूने वस्तू किंवा सेवा घेणारा ग्राहक नाही, असे तिथे म्हटले आहे खरे. शोरूमवाले इथपर्यंतच वाचून दाखवतात. त्याच कलमाखालचे स्पष्टीकरण पुढे सांगते की, स्वयंरोजगारातून केवळ स्वतःची उपजीविका कमावण्यासाठी घेतलेल्या आणि वापरलेल्या वस्तूचा वापर 'व्यापारी हेतू' धरला जाणार नाही.

ही सवलत नवी नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स प्रकरणात ती उदाहरणे देऊन समजावली आहे. स्वतः चालवून पोट भरण्यासाठी रिक्षा घेणारा ग्राहक आहे. स्वतः चालवण्यासाठी ट्रक घेणारा ग्राहक आहे. मदतीला एक-दोन माणसे घेतली म्हणून तो ग्राहक राहत नाही असे नाही. मात्र गाडी घेऊन ती पूर्णपणे दुसऱ्याकडूनच चालवून घेणारा ग्राहक ठरत नाही. तुमच्या चार गाड्या चार ड्रायव्हरांवर चालत असतील, तर हा दरवाजा बंद आहे, दिवाणी न्यायालयात जावे लागेल. एकच गाडी आहे, परमिट तुमच्या नावावर आहे, स्टिअरिंगवर तुम्ही आहात, तर तुम्ही कायद्याच्या भाषेत ग्राहक आहात. वडाप चालवणारा, स्कूल व्हॅनवाला, भाजीचा छोटा टेम्पोवाला, सगळे यात येतात.

एक सावधगिरी मात्र घ्यायची. तक्रारीत हे वाक्य स्पष्ट लिहायचे : ही गाडी मी स्वतः चालवतो आणि ती केवळ माझ्या व कुटुंबाच्या उपजीविकेसाठी स्वयंरोजगार म्हणून घेतली आहे. सोबत लायसन्स, परमिट, कर्जाचे कागद, बँकेचे स्टेटमेंट जोडायचे. हे वाक्य नसले की विरुद्ध बाजूचा वकील पहिला आक्षेप इथेच घेतो, आणि चांगली तक्रार गाडीच्या दोषापर्यंत पोहोचण्याआधीच पडू शकते.

काय लिहून घ्यायचे

आपली चळवळ कागदावर उभी राहिलेली आहे. ॲट्रॉसिटीची फिर्याद शब्दन् शब्द वाचून मगच सही करायची हे आपल्याकडच्या कार्यकर्त्याला शिकवावे लागत नाही. माहिती अधिकाराचा अर्ज आपली मुले डोळे मिटून लिहितात. पण तीच मुले जॉब कार्डवर न वाचता सही करतात, कारण एसी रूममध्ये चहा दिलेला असतो.

जॉब कार्ड हा या सगळ्या प्रकरणातला पंचनामा आहे. गाडी आत देताना काय तक्रार होती, किलोमीटर किती होते, पेट्रोल किती होते, कुठे ओरखडा होता, अंदाजे खर्च किती, गाडी कधी मिळणार, हे त्यावर असते किंवा असायला हवे. ॲडव्हायझर तुमची तक्रार स्वतःच्या भाषेत लिहितो. तुम्ही म्हणता, "चढाला गाडी तिसऱ्या गिअरमध्ये दम टाकते आणि काळा धूर येतो." तो लिहितो, "जनरल चेकअप". पुढे सहा महिन्यांनी वॉरंटी संपल्यावर तोच दोष मोठा झाला, तर कागदावर तुम्ही वॉरंटीत कधी तक्रारच केलेली नसते. म्हणून आपले वाक्य आपल्याच शब्दांत लिहायला लावायचे. तो नाही म्हणाला तर पेनने स्वतः लिहायचे, मराठीत लिहिले तरी चालते, आणि कार्डाचा फोटो काढून घ्यायचा. तीच तक्रार दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा गेली तर प्रत्येक वेळी तेच शब्द. एकाच दोषासाठी तीन जॉब कार्डे हा मोठा पुरावा असतो. तीन वेळा "जनरल चेकअप" लिहिलेली कार्डे म्हणजे नियमित सर्व्हिसिंग करून घेणारा समाधानी ग्राहक.

अंदाजपत्रकाबाहेरचे काम निघाले तर फोनवर हो म्हणायचे नाही. "व्हॉट्सॲपवर रक्कम आणि फोटो पाठवा, मग सांगतो" एवढेच. पैसे देऊन बदललेला जुना पार्ट आपला असतो. तो परत हवा हे गाडी देतानाच कार्डावर लिहावे. वॉरंटीत बदललेला पार्ट कंपनीकडे जातो, तो मागून उपयोग नाही. बिलाशिवाय पैसे द्यायचे नाहीत. "जीएसटी वाचवू, कच्चं बिल देतो" ही मैत्री पुढे महागात पडते, कारण पक्के बिल नसले तर काम झाले होते हेच सिद्ध करावे लागते. आणि बिल न देणे ही याच कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे.

बिल भरल्याशिवाय गाडी सोडत नाहीत, हे कायद्याला धरून आहे का, असे अनेकजण विचारतात. आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७० नुसार, ज्याने वस्तूवर मेहनत-कौशल्याचे काम केले तो मेहनतान्यासाठी ती अडवून ठेवू शकतो. त्यामुळे गेटवर धक्काबुक्की करून गाडी काढण्यात शहाणपण नाही, उलट आपल्यावरच गुन्हा दाखल होऊन बसतो. बिल मान्य नसेल तर रक्कम भरायची आणि त्याच वेळी ईमेल करायचा किंवा बिलाच्या प्रतीवर लिहायचे : अमुक अमुक कामे मला मान्य नाहीत, गाडी सोडवण्यासाठी निषेध नोंदवून पैसे भरत आहे. पैसे भरले म्हणजे हक्क सोडला असे नंतर कुणाला म्हणता येऊ नये म्हणून हे वाक्य. त्याच कायद्याचे कलम १५१ उलट बाजूचे आहे : ताब्यात घेतलेल्या वस्तूची शहाण्या माणसाने स्वतःच्या वस्तूची घ्यावी तेवढी काळजी वर्कशॉपने घेतली पाहिजे. टेस्ट राइडला नेऊन ठोकली, पार्किंगमध्ये आरसा तुटला, तर जबाबदारी त्यांची. गाडी देताना चारही बाजूंचे आणि मीटरचे फोटो का काढायचे ते यावरून लक्षात येईल.

बाहेर दाखवली तर वॉरंटी जाते का?

भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. दोष असा की, सुटे भाग आणि तपासणीची यंत्रे त्या बाहेरच्या गॅरेजना मिळू देत नव्हत्या, त्यामुळे गाडीवाला कायमचा अधिकृत वर्कशॉपला बांधला जात होता. बाहेरच्या मेकॅनिकने हात लावला की सरसकट वॉरंटी रद्द, ही अट लादू नका असेही आयोगाने बजावले. कंपन्या अपिलात गेल्या, त्यामुळे तो निकाल खिशात घालून काउंटरवर भांडायला जाऊ नका. पण आपल्या गाडीच्या वॉरंटी पुस्तिकेत नेमके काय छापले आहे ते वाचा. टायर बदलला किंवा बॅटरी बाहेरून घेतली म्हणून इंजिनची वॉरंटी जाते असे सांगणारा ॲडव्हायझर पुस्तिकेतले पान दाखवू शकतो का, एवढे विचारले तरी बऱ्याचदा विषय संपतो. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केले आहे. त्यात वाहनांबरोबर शेतीची अवजारेही आहेत, म्हणजे ट्रॅक्टरवाल्यांनाही ते कामाचे.

डीलर की कंपनी?

गोव्यातल्या एका ग्राहकाचे प्रकरण यासाठी वाचण्यासारखे आहे. त्याने २०११ चे मॉडेल म्हणून पूर्ण पैसे भरले आणि हातात पडली २००९ ची, आधीच ६२२ किलोमीटर धावलेली गाडी. खाली गंज, काचांवर ओरखडे. खालच्या मंचापासून राष्ट्रीय आयोगापर्यंत डीलर आणि टाटा मोटर्स दोघांनाही जबाबदार धरले गेले. कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली. फेब्रुवारी २०२१ मध्ये न्यायालयाने म्हटले की, डीलर आणि कंपनी हे दोन स्वतंत्र व्यापारी आहेत, आणि डीलरने केलेल्या लबाडीची कंपनीला माहिती होती हे सिद्ध झाल्याशिवाय तिला दोष देता येणार नाही. कंपनी सुटली, डीलरची जबाबदारी कायम राहिली.

यातून आपल्या उपयोगाची गोष्ट अशी. वर्कशॉपने त्रास दिला तर पहिल्या दिवसापासून कंपनीच्या ग्राहक सेवा ईमेलवरही लेखी कळवायचे. नुसता टोल फ्री फोन नको. ईमेल गेला की उद्या कंपनीला "आम्हाला माहीतच नव्हते" म्हणता येत नाही. आणि तक्रार दाखल करताना दोघांनाही सामनेवाले करायचे.

दुसरे, काय मागायचे याचा हिशेब नीट करा. रागाच्या भरात सगळेजण "मला नवी गाडी द्या" मागतात. सर्वोच्च न्यायालयाने मारुती उद्योगच्या एका प्रकरणात २००६ मध्येच सांगितले आहे की, वॉरंटीत पार्ट दुरुस्त करून किंवा बदलून देण्याचे वचन असेल तर एका पार्टसाठी अख्खी गाडी बदलून मागता येत नाही. गाडीच मुळात सदोष आहे असे म्हणायचे तर तज्ज्ञाचा अहवाल लागतो, आणि तिथे सामान्य माणूस दमतो. तेवीस दिवस गाडी अडवली, न केलेल्या कामाचे पैसे घेतले, एकच दोष तीनदा 'दुरुस्त' केला, ही मात्र सेवेतील त्रुटी आहे. ती जॉब कार्ड, बिल आणि मेसेजवरून सिद्ध होते, त्यासाठी बहुधा तज्ज्ञ लागत नाही. माझे मत विचाराल तर आपल्या बहुतेक प्रकरणांत हाच रस्ता धरावा. छोटी, सिद्ध होणारी मागणी करावी : बिलाची रक्कम, बुडालेल्या भाड्याची भरपाई, त्रासाची भरपाई, तक्रारीचा खर्च.

सगळीकडे तज्ज्ञ लागतोच असेही नाही. ह्युंदाईच्या एका गाडीची एअरबॅग अपघातात उघडली नाही. धडक पुरेशी जोरात नव्हती असा कंपनीचा बचाव होता. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मानला नाही. ग्राहक काही भौतिकशास्त्रज्ञ नसतो, वेगाचे आणि आघाताचे गणित करून तो एअरबॅग विकत घेत नाही, असा त्या निकालाचा आशय आहे.

पुराची गाडी

आपल्या तालुक्यासाठी हे वेगळे लिहिले पाहिजे. भिलवडी, अंकलखोप, ब्रह्मनाळ, आमणापूर, बुर्ली या गावांनी २०१९ चा ऑगस्ट पाहिला आणि २०२१ चा जुलैही. पाणी ओसरल्यावर माणूस पहिली गोष्ट करतो ती म्हणजे गाडीची चावी फिरवून बघणे. तीच करायची नाही. सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दाबले जात नाही. पिस्टन त्यावर आदळतो, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन जाते. पूर हा सर्वसमावेशक विम्यात येतो. पण पाण्यातून निघालेली गाडी तुम्ही सुरू केली म्हणून इंजिन गेले, हे परिणामी नुकसान आहे, ते आम्ही देत नाही, असे विमा कंपनी म्हणते. इंजिन संरक्षणाचे वेगळे कव्हर घेतले असेल तर गोष्ट निराळी. काठावरच्या गावांनी ते घ्यावेच.

गाडीवरची पाण्याची रेघ दिसेल असे फोटो काढा, विमा कंपनीला कळवा, गाडी ओढून न्या. सर्व्हेअरने पाहण्याआधी वर्कशॉपला इंजिन उघडू देऊ नका. दुरुस्तीचा खर्च विम्यात ठरलेल्या गाडीच्या किमतीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला, तर गाडी पूर्ण नुकसान धरली जाते. आणि इथे पुन्हा वर्कशॉप येते, कारण खर्चाचा अंदाज तेच काढतात. सप्टेंबर २०२२ च्या बंगळुरूच्या पुरानंतर एकाच्या अकरा लाखांच्या गाडीला बावीस लाखांचा दुरुस्ती अंदाज दिला गेला. गाडी पूर्ण नुकसानीत गेल्यावर अंदाजाच्या कागदांचे म्हणून ४४,८४० रुपये मागितले गेले. त्याने ते समाजमाध्यमावर लिहिले, बोभाटा झाला आणि प्रकरण पाच हजारांवर आले. बोभाटा प्रत्येकाच्या नशिबी नसतो. म्हणून गाडी आत घेतानाच विचारायचे : अंदाजपत्रकाचे पैसे किती, दुरुस्ती झाली नाही तर पार्किंगचे किती? उत्तर जॉब कार्डावर.

मसूर स्टेशनची गाडी

'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये बाबासाहेबांनी सांगितलेला लहानपणीचा प्रसंग आपल्या भागातलाच आहे. १९०१ च्या सुमाराची गोष्ट. वडिलांच्या नोकरीच्या गावी जायला भीमराव आणि सोबतची मुले मसूर स्टेशनवर उतरली. मसूर आपल्या किर्लोस्करवाडीच्याच लोहमार्गावर, कराडच्या पलीकडे. जात कळताच एकही बैलगाडीवाला न्यायला तयार होईना. शेवटी तोड निघाली ती अशी : भाडे दुप्पट द्यायचे आणि गाडीही मुलांनीच हाकायची.

त्या प्रसंगाशी आजच्या फुगवलेल्या बिलाची तुलना करणार नाही. शोरूमची लूट जात बघून होते असा माझा दावा नाही, पांढऱ्या एसयूव्हीतून आलेल्या बागायतदारालाही तिथे तसेच कापतात. फरक पडतो तो नंतर. बागायतदार मालकाला फोन लावतो, नाहीतर त्याचा कुणी पाहुणा आमदाराच्या ओळखीतला निघतो. आपला पोरगा जॉब कार्डवरचे स्वतःचे आडनाव वाचणाऱ्याच्या डोळ्यांकडे बघतो आणि गप्प बसतो. त्याच्याकडे ओळख नाही. म्हणून त्याला कागद जास्त लागतो.

तक्रार कुठे, कशी

आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५. ती निकाल देत नाही, पण कंपनीपर्यंत तक्रार पोहोचवते, आणि अनेक छोटी प्रकरणे तिथेच मिटतात. मग नोटीस. कायद्याने ती सक्तीची नाही, तरी पंधरा दिवसांची मुदत देऊन स्पीड पोस्टाने पाठवावी.

त्यानंतर सांगलीचे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. वर्कशॉप कोल्हापुरात असो, कराडात असो की पुण्यात, तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. २०१९ च्या कायद्याने केलेला हा सर्वात मोठा फायदा. जिल्हा आयोगात ५० लाखांपर्यंतची प्रकरणे चालतात आणि ही रक्कम तुम्ही प्रत्यक्ष दिलेल्या पैशांवरून मोजतात. पाच लाखांपर्यंत फी शून्य, पाच ते दहा लाखांना २०० रुपये, दहा ते वीसला ४०० रुपये. वकील सक्तीचा नाही. ऑनलाइन दाखल करायची सोय ई-दाखिलवर होती, जानेवारी २०२५ पासून ई-जागृती पोर्टल आले आहे. मुदत दोन वर्षांची, वाद उद्भवल्यापासून. "मालकांशी बोलून बघू" यात दीड वर्ष घालवणारे मी पाहिलेत.

कायदा म्हणतो तीन महिन्यांत निकाल, तपासणी लागली तर पाच. प्रत्यक्षात कितीतरी जास्त वेळ लागतो, हे लपवण्यात अर्थ नाही. सामनेवाल्याला उत्तराला तीस दिवस आणि फार तर आणखी पंधरा मिळतात. आदेश पाळला नाही तर कलम ७२ खाली एक महिना ते तीन वर्षे कैद, किंवा पंचवीस हजारांपासून एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. हे कलम वर्कशॉपच्या वकिलांना चांगले माहीत असते.

त्या फोनवाल्या मुलाचे पुढे काय झाले? मी त्याला जॉब कार्डाचा फोटो पाठवायला सांगितला. त्यावर लिहिले होते, "जनरल चेकअप". खाली त्याची सही. चढाचा, धुराचा, ताकदीचा एक शब्द नाही. तेवीस दिवसांचे फोन तोंडी, एकही मेसेज नाही. त्या रात्री बसून आम्ही मराठीत एक ईमेल लिहिला : गाडी कोणत्या तारखेला दिली, काय तक्रार सांगितली, कोणत्या तारखेला काय उत्तर मिळाले, हप्ता किती, रोजचे सरासरी भाडे किती. एक प्रत वर्कशॉपला, एक कंपनीला. पाचव्या दिवशी गाडी मिळाली, काम वॉरंटीत झाले. बुडालेल्या भाड्याबद्दल मात्र त्यांनी हात वर केले आहेत. त्यासाठी नोटीस गेली आहे, आणि आधीचे तेवीस दिवस सिद्ध करायला त्याच्याकडे कॉल लिस्ट आणि गेट पासवरची तारीख एवढेच आहे. परवा गाडी पुन्हा दम टाकू लागली म्हणून तो पुन्हा तिथे गेला. या वेळच्या जॉब कार्डाचा फोटो त्याने न मागता पाठवला. ॲडव्हायझरच्या इंग्रजी ओळीखाली त्याच्या अक्षरात चार ओळी मराठी होत्या.